३४७ रुंद कराच, पण आधी रिग्जचा सिग्नल उचला

मंडळी, गणपती तोंडावर आले की आपल्या ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न फिरायला लागतो: मॅरिकोपाच्या देवळात जायला किती वाजता निघू, म्हणजे ३४७ ला अडकणार नाही? आणि दरवर्षी उत्तरंही तीच. पहाटे निघा, दुपारी बाराला निघा, रविवारी नको. कुणीतरी एक जण विनोद करतो की बाप्पा उंदरावरून येतात म्हणून वेळेवर पोचतात. हसून सोडून देतो आपण. फीनिक्स, चँडलर, गिल्बर्टच्या मंडळींना हा त्रास वर्षातून चार वेळा. मॅरिकोपात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना आठवड्यातून दहा वेळा. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

ज्यांना हा रस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टेट रूट ३४७ हा आय-१० वरून निघतो आणि साधारण १५ मैल वाळवंटातून, शेतांच्या कडेने दक्षिणेला मॅरिकोपा शहरात येतो. जायला दोन लेन, यायला दोन लेन. शहरात शिरला की त्याचं नाव जॉन वेन पार्कवे होतं. हो, तोच सिनेमावाला जॉन वेन, त्याची या भागात शेती होती. आमच्या गावातून फीनिक्सच्या बाजूला जायचा खऱ्या अर्थाने हा एकच रस्ता. दुसरा रस्ता आग्नेयेला कासा ग्रँडेकडे जातो आणि तिथून आय-१० ला लागतो, पण चँडलरला जायला तो म्हणजे हाताने उलटा घास घेणं. तिसरा पश्चिमेला हिला बेंडकडे जातो, त्याचा नोकरीवाल्याला काहीच उपयोग नाही.

आता आकडे बघा. २००० च्या जनगणनेत मॅरिकोपात माणसं होती १,०४०. एखाद्या वाडीएवढी. २००३ मध्ये रीतसर शहर झालं. २०१० मध्ये ४३,४८२. मधे घरांचा फुगा फुटला, निम्म्या गल्ल्यांमध्ये बँकेच्या पाट्या लागल्या, तरी २०२० मध्ये ५८,१२५. आता त्याच्याही बरंच पुढे गेलंय, रोज नव्या प्लॉटवर लाकडी सांगाडे उभे राहताना दिसतात. दोन दशकांत गाव पन्नास पटींच्या वर वाढलं आणि बाहेर जायची वाट एकच राहिली.

लोक इथे का येतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. चँडलरमध्ये ज्या पैशात टाउनहाउस मिळतं त्यात इथे चार बेडरूम, मागे अंगण, लिंबाचं झाड. नोकरी चँडलरला, कुणी इंटेलच्या ओकोटिलो कँपसमध्ये, कुणी त्यांच्या कंत्राटदारांकडे, कुणी बँकेच्या बॅक ऑफिसात. बिल्डरचा सेल्समन सांगतो, "चँडलर वीस मिनिटांवर." रविवारी सकाळी सात वाजता जाऊन बघितलं तर खरंच आहे ते. मंगळवारी सकाळी सातला कुणी बघत नाही.

तर यावर उपाय काय, असं इथल्या कुणालाही विचारा, उत्तर एकच: रस्ता रुंद करा, सहा लेन करा. निवडणुकीला उभा राहिलेला प्रत्येक माणूस, पक्ष कुठलाही असो, हेच म्हणतो. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. लेन वाढवू नका असं मी म्हणत नाहीये. पण क्रम चुकला तर पैसे जातील आणि रांग तशीच राहील, असं मला वाटतं.

साधा हिशेब करू. रस्त्याची एक लेन, समोर सतत हिरवा दिवा असेल, तर तासाला साधारण १,९०० गाड्या सोडते. हा ट्रॅफिक इंजिनियर लोकांचा नेहमीचा, पुस्तकी आकडा आहे. आता रस्त्यात सिग्नल आला आणि समजा दर तासातली ६० टक्के वेळच तुमच्या बाजूला हिरवा मिळाला, तर दोन लेनमधून तासाला जातील २,२८० गाड्या. तिसरी लेन टाकली, सिग्नल तसाच ठेवला, तर जातील ३,४२०. आणि तिसरी लेन टाकलीच नाही, फक्त सिग्नलच्या जागी उड्डाणपूल बांधला, तर त्याच दोन लेनमधून ३,८०० जातात. म्हणजे सिग्नल नसलेल्या दोन लेन सिग्नल असलेल्या तीन लेनला मागे टाकतात. मी ६० टक्के उदाहरणादाखल धरलेत, आडव्या रस्त्याची गर्दी वाढली की ते आणखी खाली येतात.

हा सिग्नल कुठला ते रोज जाणाऱ्याला सांगायची गरज नाही. रिग्ज रोड. सकाळी मैलभर आधीपासून ब्रेकचे लाल दिवे दिसायला लागतात ते त्याच्याच कृपेने. पन्नास-साठच्या वेगाने येणारी गाडी, पुढे उभी असलेली रांग, डोळ्यांवर तिरपं ऊन आणि हातात कॉफी. मागून धडकण्याचे अपघात तिथे का होतात हे कळायला पोलिस रिपोर्ट वाचावा लागत नाही.

आपल्याकडे याचा पुरावाही आहे, गावातच. २०१९ पर्यंत युनियन पॅसिफिकची मालगाडी आली की ३४७ चं फाटक पडायचं. मैलभर लांब गाडी, फाटकाच्या दोन्ही बाजूंना रांगा, आणि त्यात कधी अँब्युलन्स. मग रुळांवरून उड्डाणपूल झाला. त्या पुलाने रस्त्याची लांबी-रुंदी फार बदलली नाही, पण ते फाटकावरचं थांबणं एका दिवसात संपलं. अडथळा काढला की काय होतं ते आपण डोळ्यांनी बघितलंय, तरी परत "लेन, लेन" करत बसतो.

(जाता जाता: त्याच रुळांवरून अ‍ॅमट्रॅकची सनसेट लिमिटेड जाते, आठवड्यातून तीनदा. फीनिक्स शहरातली अ‍ॅमट्रॅक १९९६ मध्ये बंद झाली. तेव्हापासून पन्नास लाखांच्या आसपास वस्तीच्या या सगळ्या महानगराचं लांब पल्ल्याचं रेल्वे स्टेशन म्हणजे आमचं मॅरिकोपा. आणि त्या स्टेशनापर्यंत यायला रस्ता? ३४७.)

आता पैशांची गोष्ट. यात थोडी गंमत आहे आणि बराचसा वैताग.

मॅरिकोपा शहर मॅरिकोपा काउंटीत नाही. नव्या माणसाला हे सांगितलं की त्याला वाटतं आपण चेष्टा करतोय. शहर आहे पिनाल काउंटीत. ३४७ च्या मध्येच कुठेतरी काउंटीची हद्द लागते. दक्षिणेचा तुकडा पिनालचा, उत्तरेचा मॅरिकोपा काउंटीचा, रस्ता राज्याचा, आणि जमीन तिसऱ्याचीच, त्याकडे नंतर येतो. मॅरिकोपा काउंटीत १९८५ पासून रस्त्यांसाठी अर्धा सेंट विक्रीकर आहे. लूप १०१, लूप २०२ जे काही दिसतं ते बरंचसं त्यातून उभं राहिलं. २००४ मध्ये लोकांनी तो वाढवून दिला, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये प्रपोझिशन ४७९ ला मत देऊन पुन्हा वीस वर्षांसाठी वाढवला. तिकडच्या लोकांनी चाळीस वर्षं डॉलरमागे अर्धा सेंट बाजूला टाकला, आणि त्यांचे रस्ते झाले.

पिनालमध्ये काय झालं? २०१७ मध्ये तसाच कर मतदानाला आला, थोडक्या फरकाने पास झाला. वसुलीही सुरू झाली. मग कोर्टकचेरी. शेवटी २०२२ च्या मार्चमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो कर रद्द केला, ज्या पद्धतीने लावला होता ती कायद्यात बसत नाही म्हणून. ठीक आहे, कायदा म्हणजे कायदा. काउंटीने दुरुस्त करून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रपोझिशन ४६९ आणलं. आणि ते आपण पाडलं.

हो, "आपण" म्हणतोय. मतपत्रिकेवर नाही म्हणणारे आणि सोमवारी सकाळी रिग्जला स्टिअरिंगवर हात आपटणारे, यात बरेच लोक एकच आहेत. माझ्या गल्लीतच दोन आहेत. एकाचं म्हणणं, आम्ही गॅस टॅक्स भरतो, राज्याने करावं. ॲरिझोनाचा गॅस टॅक्स गॅलनला १८ सेंट आहे आणि १९९१ पासून हललेला नाही. तेव्हाचे १८ सेंट आणि आजचे १८ सेंट, त्यात गाड्या कमी पेट्रोल पितात, काही तर पीतच नाहीत. डांबर मात्र आजच्या भावाने घ्यावं लागतं. दुसऱ्याचं म्हणणं, कर दिला तर पैसे सगळे काउंटीच्या पूर्व भागात सॅन टॅन व्हॅलीकडे जातील. ही शंका अगदीच खोटी नाही, यादीत त्यांचेही रस्ते होते आणि असणारच. पण त्याचं उत्तर यादी वाचून आपलं काम वरच्या क्रमांकाला आहे की नाही हे भांडून घेणं आहे. यादीच फाडून टाकली की दोघांनाही काही मिळत नाही, आणि झालं तसंच. मग दर अधिवेशनात राज्याच्या बजेटमध्ये आपल्या रस्त्याला किती तुकडा पडतो याची वाट बघत बसायचं. हक्काचं उत्पन्न सोडून दिलं की दुसऱ्याच्या मर्जीवर राहावं लागतं.

आणि आता ती जमीन.

३४७ चा आय-१० पासून मॅरिकोपाच्या वेशीपर्यंतचा जवळजवळ सगळा भाग हिला रिव्हर इंडियन कम्युनिटीच्या भूमीतून जातो. आपल्या ग्रुपवर आणि त्याहून जास्त शहराच्या फेसबुक पेजांवर एक वाक्य सारखं वाचतो: "ट्राइब अडवतंय, नाहीतर रस्ता केव्हाच झाला असता." हे वाक्य मला खटकतं, आणि आपल्या माणसांच्या तोंडी तर फारच.

ही जमीन अकिमेल ओ'ओडम आणि पी-पॉश लोकांची. अकिमेल ओ'ओडम म्हणजे नदीची माणसं. नदी म्हणजे हिला नदी, आज पुलावरून बघितली तर नुसती वाळू दिसते ती. शेकडो वर्षं कालवे काढून शेती करणारे हे लोक. १८५९ मध्ये त्यांचं रिझर्व्हेशन ठरलं. त्यानंतर वरच्या अंगाला नवे वस्तीवाले आले, त्यांनी नदीचं पाणी वळवलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ज्यांनी दुसऱ्यांना धान्य विकलं होतं त्यांच्यावर उपासमारीची पाळी आली. ते पाणी कागदावर परत मिळायला २००४ साल उजाडलं. मधल्या काळात, दुसऱ्या महायुद्धात, सरकारने जपानी वंशाच्या अमेरिकनांना कोंडून ठेवायची छावणीही याच जमिनीवर उभारली, इथल्या लोकांचा विरोध असताना. अलीकडचं सांगायचं तर लूप २०२ चा साउथ माउंटनचा भाग. तो डोंगर त्यांच्यासाठी पवित्र. फ्रीवे त्याचे कडे कापून जाणार म्हणून ते कोर्टात गेले, हरले, आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये फ्रीवे सुरू झाला. त्या फ्रीवेने आपण सगळे जातो. मीही जातो.

ज्यांच्या बाबतीत हे सगळं झालं त्यांनी नव्या लेनसाठी जमीन देताना चार प्रश्न विचारले, आमच्या लोकांना हा रस्ता ओलांडायला कुठे मिळणार, पावसाचं पाणी कुठे जाणार, जुन्या वस्त्यांचे अवशेष सापडले तर काय करणार, तर ती अडवणूक कशी? त्यांच्या संमतीशिवाय राज्याला तिथे एक फूटही वाढवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे महामार्गासाठी जमीन गेलेली घरं आपल्यातल्या किती जणांची असतील. सातबारा घेऊन तहसीलदाराच्या कचेरीत फेऱ्या मारणाऱ्या काकांना आपण कधी "विकासाच्या आड येणारा" म्हटलं नाही. म्हटलं असेल तर तेही चूकच.

शिवाय रस्ता आपल्यापेक्षा जास्त त्यांच्या अंगणात आहे. आपण त्यांच्या गावांमधून ऑफिसला धावतो. त्यांच्या शाळेच्या बसला, शेतीच्या ट्रॅक्टरला याच रस्त्यावर यावं लागतं. रिग्जला उड्डाणपूल झाला तर सगळ्यात आधी सुटका आडव्या रस्त्याने येणाऱ्याची होईल, म्हणजे त्यांचीही. आपलं आणि त्यांचं हित एकत्र येतं अशी ही जागा आहे.

लेन वाढवण्याबद्दल अजून एक. ह्यूस्टनच्या केटी फ्रीवेचं उदाहरण बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. २००८ मध्ये प्रचंड रुंद केला, काही ठिकाणी फ्रंटेज रोड धरून २६ लेन. काही वर्षांत पुन्हा तुंबला. रस्ता मोकळा झाला की त्याच्या टोकाला आणखी घरं होतात, आणि घरांसोबत गाड्या येतात. हिंजवडीत काही वर्षं काढून इथे आलेल्यांना हे वेगळं शिकवायला नको. मॅरिकोपात तर टोकाला मोकळी जमीनच जमीन आहे. सहा लेन झाल्या की सेल्समन परत "वीस मिनिटं" म्हणायला मोकळा.

म्हणून उड्डाणपुलाबरोबर दोन गोष्टी मला हव्यात. एक, सकाळ-संध्याकाळ ठराविक वेळाने चँडलरला जाणारी बस. मोठ्या मालकांच्या दारापर्यंत. आज तसा भरवशाचा पर्याय नाही. "अमेरिकेत कोण बसने जातं" असं म्हणणारे खूप भेटतात. एकाच गल्लीतून एकाच कँपसला, एकाच शिफ्टला जाणाऱ्या चार टोयोटा मी रोज मोजतो. त्यातल्या दोन मराठी माणसांच्या आहेत. निदान कारपूलला सुरुवात करायला सरकार लागत नाही, एक व्हॉट्सॲप मेसेज पुरतो. दुसरी गोष्ट, गावातच नोकऱ्या. शहर नवीन घरांना परवानगी पटापट देतं, कारण त्यातून लगेच पैसा दिसतो. ऑफिस, कारखाना, मोठा दवाखाना यायला वेळ लागतो. हृदयाचा झटका आला किंवा अडलेलं बाळंतपण असलं की आजही आपला पहिला विचार चँडलर नाहीतर कासा ग्रँडे असतो. संध्याकाळी साडेपाचला ३४७ वर उलट्या दिशेची लेन मोकळी असते हे नशीब समजायचं. पण पावसाळ्यात हबूब आला तर दोन्ही दिशा बंद.

हबूबचं निघालंच आहे तर नव्या लोकांसाठी लिहितो, कारण देवळाला येणारी बरीच मंडळी गणपतीच्या सुमारास, म्हणजे नेमक्या मॉन्सूनमध्ये या रस्त्यावर असतात. धुळीची भिंत दिसली तर तिच्यात शिरू नका. शिरलातच तर रस्त्यावरून पूर्ण बाहेर, शोल्डरच्याही पलीकडे घ्या. हेडलाइट, इंडिकेटर सगळं बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू ठेवले तर मागचा तुम्हाला चालती गाडी समजून तुमच्या मागे येतो. आणि गाडीत पाणी ठेवा, भरपूर. २०२३ मध्ये फीनिक्सला सलग ३१ दिवस दिवसाचं कमाल तापमान ११० फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर होतं. त्या वर्षी एकट्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. ३४७ वर गाडी बंद पडली तर मैलभर झाडाची सावली नाही. घरून आई-बाबा आलेले असतील, मागे बाळ असेल, तर टोइंगवाला येईपर्यंतचा तास कसा काढायचा हे आधीच ठरवून निघा.

आता, "आपण एच-वन बीवाले, मत देता येत नाही, काय करणार" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. विक्रीकर भरताना कुणी व्हिसा विचारत नाही, आणि सिटी कौन्सिलमध्ये किंवा रस्त्याच्या सार्वजनिक बैठकीत बोलायलाही नागरिकत्व लागत नाही. राज्याचं परिवहन खातं आपला पंचवार्षिक आराखडा दरवर्षी सूचनांसाठी खुला करतं. ऑनलाइन फॉर्म असतो, ईमेल चालतो, इंग्रजी फार सफाईदार नसलं तरी चालतं. "रस्ता वाईट आहे" एवढंच लिहू नका, ते हजार जण लिहितात. लिहा की रिग्जचा उड्डाणपूल लेनच्या आधी हवा. का हवा त्याचा वरचा हिशेब जोडा. तुम्ही सकाळी किती वाजता तिथे पोचता आणि किती सिग्नल खाता ते आठवडाभर टिपून ठेवा आणि तेही लिहा. ज्यांना मत आहे त्यांनी पुढच्या वेळी काउंटीचा कर आला तर यादी वाचून मग ठरवा, नुसता "टॅक्स" शब्द बघून नाही.

वरच्या हिशेबात कुणाला चूक दिसली, आपल्यात ट्रान्सपोर्टेशनमधले इंजिनियर आहेत हे मला माहीत आहे, तर खाली लिहा, मी दुरुस्त करतो. आणि मॅरिकोपाहून ओकोटिलोला सकाळच्या शिफ्टला जाणारे कोण कोण आहेत त्यांनी आपली निघायची वेळ टाका. चार नावं जमली तरी पुढच्या सोमवारपासून रिग्जला तीन गाड्या कमी उभ्या राहतील.